दोन पट्ट्या खाली

"थोडं ओरडून, लॅनी! गाण्यात आग हवी, आग!" स्टुडिओच्या काचेपलीकडून डगचा आवाज आला.

लॅनी बार्बेराने हेडफोन सारखे केले आणि पुन्हा तोंड उघडलं. दोन इलेक्ट्रिक गिटारी अंगावर धावून आल्या. त्यांच्या वर आवाज चढवायला तो गेला आणि नेमका वरच्या सुरावर गळा फाटला. गिटारवाल्यांपैकी एकाला हसू आवरलं नाही.

लॅनी साठीला टेकला होता. एके काळी फिलाडेल्फियाच्या नाचघरांत तो माइकला असा बिलगून गायचा, की समोरच्या प्रत्येक बाईला वाटे, हा माझ्याच कानात सांगतोय. मग लांब केसांची पोरं आली, त्यांच्या गिटारी आल्या, आणि लॅनीच्या वाट्याला लग्नाचे हॉल तेवढे उरले. आता कित्येक वर्षांनी एका कंपनीने त्याला नव्या रेकॉर्डसाठी बोलावलं होतं. अट एकच, गाणी आजची हवीत.

त्याने नाक मुरडलं नव्हतं. रोज सकाळी कॉफीचा कप पुढ्यात घेऊन तो ती गाणी घोकत बसे. बायको कोन्चेत्ता म्हणालीसुद्धा, "या वयात पोरांची गाणी? लोक हसतील तुला."

"हसू देत. हसायला तरी बघतील ना माझ्याकडे."

डग काचेमागून बाहेर आला. रेकॉर्डिंगची सगळी सूत्रं या तिशीही न गाठलेल्या दाढीवाल्याच्या हातात होती. "गाणं आवडत नाही का तुम्हाला?"

"गाणं झकास आहे. त्यात बायको घर सोडून निघालीय आणि नवरा थांब म्हणतोय. पण मला सांग, निघालेल्या बाईला कुणी असं बोंबलून थांबवतं का? ती जाणार होती त्याहून लवकर जाईल."

ड्रमवाला खो खो हसला. डगही हसला, पण मान हलवत. "वरच्या लोकांना जुनं काही नकोय, लॅनी."

"जुनं कोण म्हणतंय? गाणं हेच, शब्द हेच. एकदा मला माझ्यासारखं गाऊ दे. नाही जमलं, तर तू म्हणशील तसा बोंबलतो."

डगने हात वर केले. लॅनीने हेडफोन काढून ठेवले. एका गिटारवाल्याला त्याने थांबायला सांगितलं, दुसऱ्याला आवाज कमी करायला. ड्रमवाल्याने काड्या टाकून तारांचे ब्रश घेतले. मग लॅनी पियानोकडे वळला.

पियानोवर मिल्ट झुकरमन होता, नाचघरांच्या दिवसांपासूनचा सोबती. गळा थकतोय हे सगळ्यांच्या आधी त्यानेच ओळखलं होतं. दर हिवाळ्यात तो म्हणायचा, "पट्टी उतरवू या, लॅनी," आणि दर हिवाळ्यात लॅनी म्हणायचा, "मी मेल्यावर उतरव."

"मिल्ट," लॅनी म्हणाला, "उतरव."

"काय?"

"पट्टी. दोन पट्ट्या खाली घे."

मिल्टने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मेलास की काय?"

"वाजव रे म्हाताऱ्या."

मिल्टने वाजवलं. खालच्या सुरांत लॅनीचा आवाज खरबरीत लागला, वापरून वापरून रापलेल्या चामड्यासारखा. पूर्वीचा गोडवा त्यात उरला नव्हता. पण दारात उभ्या बाईला तो 'थांब' म्हणाला, तेव्हा ते आर्जव नव्हतं आणि हुकूमही नव्हता. नुसतं खरं होतं. शेवटच्या ओळीत आवाज जरासा चिरकला. तो थांबला नाही, ओळ पुरी केली. मघाशी हसलेला पोरगा गिटारीवर हात ठेवून खाली बघत होता.

"बाकीचीही अशीच घेऊ," डग हळूच म्हणाला.

कंपनीच्या साहेबाला मात्र हे पटलं नाही. हे अळणी आहे, मागाहून गिटारी भरा, असं त्याने फर्मावलं. लॅनी आपला राखाडी सूट घालून त्याच्या ऑफिसात गेला. "भरा की. पण कव्हरवरचं माझं नाव आधी काढा." बसा म्हटलं तरी तो बसला नाही. डगही त्याच्या बाजूने उभा राहिला. शेवटी रेकॉर्ड जसंच्या तसं निघालं, पण एकही जाहिरात न होता. रेडिओवर ते एका रविवारी लागलं, तेवढंच.

नोव्हेंबरात लॅनी चेस्टनट स्ट्रीटवरच्या रेकॉर्डच्या दुकानात शिरला. त्याचं रेकॉर्ड पार मागच्या कोपऱ्यात, जुन्या गाण्यांत होतं. त्याने ते उचललं आणि पुढच्या खणात, पोरांच्या रेकॉर्डांत नेऊन ठेवलं.

"ओ आजोबा, ते तिकडचं आहे!" काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"इथलंच आहे. याच महिन्यात निघालंय."

"पण ते मोठ्या माणसांचं..."

"मागे वाच. गाणी कुणाची आहेत बघ."

तिने कव्हर उलटून वाचलं; गाणी पुढच्या खणातल्या पोरांचीच होती. भुवया वर गेल्या. पुन्हा फिरवून तिने फोटो पाहिला, मग त्याला पाहिलं. "तुम्ही? हे गाणं तुम्ही गायलंय?"

"हो."

"लावू?"

"लाव. पण आवाज मोठा करू नकोस. जवळ जाऊन ऐकायचंय ते."

सुई टेकली. पियानोचे पहिले सूर आले. खणांत रेकॉर्ड चाळणाऱ्या पोरांपैकी दोघं काउंटरकडे वळत होती, चेष्टा करायला की ऐकायला, कोण जाणे. लॅनीने कोटाची बटणं लावली, हॅट डोक्यावर सारखी केली आणि मागे न बघता दार ओढून घेतलं.