चिखलातले आजोबा

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. नुसतं लिहिलं असतं तर सोडून दिलं असतं. तुम्ही ते काचेमागे लावलंत, वर दिवा लावलात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला शंकासुद्धा येऊ नये. फोटो आहे दक्षिण चीनमधल्या एका खाडीचा. गाळातून वर आलेलं एक काळं लाकडी टोक. आणि खाली तुमची ओळ: 'टाकून दिलेली होडी. चिनी माणूस जुन्या वस्तूत जीव गुंतवत नाही.'

फोटो काढणारा तिथं किती वेळ थांबला होता? कुणाला विचारलं त्यानं? काठावर घरं होती, कुणीही चहा टाकला असता. तो गाडीतून उतरला, बटण दाबलं, निघून गेला. आणि तुम्ही खुर्चीत बसून एका अख्ख्या देशाच्या काळजाचा निकाल लावून मोकळे झालात.

ते टोक कुणाचं होतं, ते आता ऐका.

तुमच्याच संग्रहालयाच्या तळघरात आ-साम नावाचा माणूस लाकडी खोकी बनवायचा. दूरदेशीच्या मूर्ती, भांडी, मुखवटे ज्यातून येतात-जातात ती खोकी. वीसेक वर्षं झाली त्याला तुमच्या गावात येऊन. तो मूळचा चुक-वानचा, मोतीनदीच्या मुखाशी असलेल्या आमच्या गावचा. फोटोतली खाडी त्याच्या घराच्या मागच्या दाराशी आहे. तिच्यात तो पोहायला शिकला.

इतक्या वर्षांत त्यानं तुमच्या लोकांची आमच्याविषयीची मतं पुष्कळ ऐकली. आधी विचारायचे, तुमच्याकडे पोटभर मिळतं का रे? कुत्री खाता का? मग काळ पालटला आणि विचारायला लागले, एवढे पूल, एवढ्या गाड्या, तुम्ही माणसं झोपता तरी कधी? आधी कीव केली, मग भ्यायला लागले. कीव आणि भीती यांच्या मधे एक साधी जागा असते, माणसानं माणसाशेजारी बसायची. तिथं त्याला कुणी बोलावलं नाही. आ-साम हसायचा आणि खिळे ठोकायचा.

पण त्याची मुलगी हाई-लाम शाळेबरोबर संग्रहालय बघायला आली, त्या काचेपुढे उभी राहिली आणि म्हणाली, हे खोटं आहे. बाई म्हणाल्या, संग्रहालय खोटं कशाला लिहील, बाळ? वर्ग हसला. त्या दिवशी आ-साम पहिल्यांदा तळघरातून वर आला आणि तुमच्या दारात उभा राहिला. तुम्ही त्याला बसायला सांगितलंत, हेही खरं. म्हणालात, तुझं म्हणणं खरं असेल तर ती होडीच आण. मोठ्या दालनात ठेवू, आणि खाली तू सांगशील ते लिहू.

आ-सामला दुसरं काय हवं होतं? ती ओळ पुसायची, लेकीच्या वर्गाला पुन्हा तिथं उभं करायचं. त्यासाठी तो काहीही द्यायला तयार झाला. गावाची होडीसुद्धा.

तुम्ही सोबत मार्टेनला दिलंत. लाकडाचा जाणकार, उंच, तांबूस दाढीचा, मनानं चांगला. विमानतळावरून येताना गाडी पुलांवरून सुसाट निघाली तसा तो काचेला नाक लावून बसला. म्हणाला, अद्भुत आहे, आ-साम, वरून हुकूम सुटतो आणि एवढी माणसं मुकाट्यानं ऐकतात. आमच्याकडे दोन माणसं एका खड्ड्यावरून वर्षभर भांडतील. त्याला हे कौतुकच वाटत होतं.

घरी चौथ्या काकूनं दारातच आ-सामचा दंड चाचपला. "बायको जेवायला घालते का नुसता बटाटा उकडून पुढ्यात टाकते?" मग मार्टेनकडे मान वर करून बघितलं. "आणि ह्याला कुठून उपटून आणलास? ह्याच्या मापाची खाट नाही आपल्याकडे."

जेवताना विषय निघाला. तिसरे काका म्हणजे आ-सामच्या वडिलांचे धाकटे भाऊ, ऐंशीच्या घरातले, होडीचे कारभारी. आ-साम खाली मान घालून सगळं सांगत गेला: तो फोटो, ती ओळ, मोठं दालन. काकांनी ऐकलं. माशाच्या गालाचा मऊ तुकडा उचलून मार्टेनच्या वाडग्यात ठेवला, कारण तो पाहुण्याचा. मग म्हणाले, परवा पांढरभुवईला उठवायचाय, तू पाण्यात उतर. आधी त्याला वर काढ, मग काय ते त्यालाच विचार.

पांढरभुवई हे होडीचं नाव. तिला आम्ही होडी म्हणत नाही, आजोबा म्हणतो. काळ्या, लोखंडासारख्या जड लाकडाची, गावाच्या गल्लीएवढी लांब, साठ माणसं दोन रांगांत बसून वल्ही मारतील अशी. हे लाकूड उन्हात तडकतं, हवेत किडतं आणि गाळात जगतं. म्हणून आमच्या पंचांगातल्या पाचव्या महिन्यातला ड्रॅगन होड्यांचा सण झाला की आजोबांना पाण्याखाली चिखलात झोपवायचं आणि पुढल्या वर्षी सणाआधी महिनाभर उठवायचं. ड्रॅगनचं मुंडकं तेवढं देवळात राहतं, पांढऱ्या भुवयांसकट. तुमच्या फोटोवाल्यानं बघितलं ते झोपलेल्या आजोबांचं शेपूट. ओहोटी जास्त होती त्या दिवशी, पांघरूण सरकलं होतं.

उठवायच्या सकाळी अख्खं गाव काठावर आलं. उदबत्त्या लागल्या, भाजलेलं डुक्कर देवापुढे ठेवलं, फटाक्यांची माळ झाली. आणि माणसं पाण्यात उतरली. दुकानदार, रिक्षावाले, शहरातल्या कारखान्यांतून रजा टाकून आलेले, बँकेतला एक साहेब चष्म्यासकट. आ-सामही उतरला. छातीएवढं पाणी, खाली मांडीएवढा गाळ, काळा, गार, कुजक्या पानांच्या वासाचा. पायाला कड लागली तसा त्याच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांनी पायाला ती ओळखू आली.

मग बुडी मारून हातांनी गाळ उपसणं. फावडं लावायचं नाही, आजोबांना लागेल. तासन्‌तास नुसते हात आणि टोपल्या. मार्टेन काठावरून बघत होता. त्यानं दोनदा विचारलं की यात मुकादम कोण? मुकादम नव्हताच. कुणी दमला की बाजूला व्हायचा, दुसरा त्याच्या जागी सरायचा. शेवटी मार्टेननं बूट काढले, शर्ट काढला आणि तो दाढीसकट पाण्यात शिरला. काठावरच्या बायका खिदळल्या. चौथी काकू ओरडली, "जपून रे, हा रुतला तर ह्याला काढायला पुढचं वर्ष लागेल."

दुपार कलताना ढोल सुरू झाला. सगळ्यांनी दोन्ही कडांना हात घातले आणि झुलवायला लागले. डावीकडे, उजवीकडे. आधी काहीच हलेना. डोंगर झुलवल्यासारखं. मग पाण्याखालून एक आवाज आला, मोठ्या प्राण्यानं झोपेत श्वास सोडावा तसा. गाळानं पकड सोडली. पाण्याला एक काळी रेघ फुटली. ती रेघ लांबत गेली, वळणापर्यंत गेली, वळणापलीकडे गेली, तरी संपेना. कडा वर आल्या, पोटातलं काळं पाणी धो धो बाहेर पडलं, आणि साठ माणसांच्या मधे ते लाकूड ओलं, तुकतुकीत, जिवंत असं तरंगायला लागलं. मार्टेनच्या तोंडाचा आ तसाच राहिला. त्याच्या ओंजळीत गाळ होता आणि तो टाकून द्यायचं त्याला सुचत नव्हतं. आयांनी होडीतलं पाणी घेऊन लेकरांच्या डोक्यावर शिंपडलं. एकीनं मार्टेनच्याही डोक्यावर शिंपडलं.

आणि इथं आ-सामनं घोळ केला. त्याचं मन भरून आलं होतं, पण हात खोकी बनवणाऱ्याचे. सवयीनं त्यानं चड्डीच्या खिशातून फीत काढली, एक टोक कडेला लावलं आणि माप घेऊ लागला.

ढोल थांबला. काठावरचं हसणं थांबलं. आमच्यात निजलेल्या म्हाताऱ्याच्या अंगाला फीत लावायचा अधिकार एकालाच असतो, शवपेटी करणाऱ्या सुताराला. आ-सामला हे लहानपणापासून माहीत होतं. हाताला आठवलं नाही.

तिसरे काका पाण्यातून चालत त्याच्यापाशी आले. सगळ्यांना वाटलं, आता थोबाडीत बसणार. काका हळू बोलले. "पेटी करतोस का रे आजोबांची?"

आ-सामनं फीत सोडली. ती पाण्यात सर्रकन गुंडाळत गेली.

"चढ वर," काका म्हणाले. "बापाच्या जागेवर बस. आणि ह्या लांबड्याला शेजारी घे. मी बोलतो ते त्याच्या भाषेत सांग त्याला, एक शब्द गाळू नको."

आ-सामचे वडील ढोल वाजवायचे. त्यांची जागा होडीच्या मधोमध. आ-साम तिथं बसला, मार्टेन शेजारी, आणि काका कडेला धरून पाण्यात उभे राहून सांगू लागले.

एक काळ आला होता. जुनं ते सगळं मोडा, असा वरून हुकूम सुटला. देवळं फुटली, देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या नावाच्या पाट्या चुलीत गेल्या, आजूबाजूच्या गावांच्या होड्या कुऱ्हाडीनं फोडल्या. माणसं चुक-वानलाही आली. गावानं सांगितलं, होडी कधीच जाळली, उसाचा रस आटवला तिच्यावर. राखेचा ढीगही दाखवला. त्यांना खरं वाटेना. आ-सामच्या वडिलांना, ढोलवाला म्हणून, खळ्यात उभं केलं. गळ्यात पाटी, मान वाकवलेली, पाठीवर बांबू. होडी कुठंय म्हणून विचारायचे. ते म्हणायचे, तुम्ही आत्ता चहा प्यालात ना, त्याच्याच खाली जळाली.

आ-साम भाषांतर करता करता थांबला. वडिलांची पाठ वाकडी होती. ते म्हणायचे, तरुणपणी भाताचं पोतं अंगावर पडलं. आईही तेच म्हणायची. ते दोघं गेले तेव्हाही गावात एकानंही दुसरं काही सांगितलं नाही.

काका पुढे बोलत होते. दहा वर्षं आजोबा झोपून राहिले. त्या वर्षांत जन्मलेली पोरं इथंच पोहायला शिकली, बुडी मारली की पायाला लाकूड लागायचं, आणि घरी येऊन एकही पोरगं विचारायचं नाही की आई, खाली काय आहे? तपासणारी माणसं ह्याच पाण्यात पाय धुवायची. आणि एका वर्षी वारं फिरलं. कुणी दवंडी दिली नाही. सकाळी जो तो टोपली घेऊन खाली उतरला, बस.

गप्प राहायचं असं कुणी ठरवलं होतं, मार्टेननं विचारलं. सभा झाली असेल ना?

काका हसले. "सभा घेतली तर बोलावं लागतं."

पाणी होडीच्या पोटाला थापट्या मारत होतं. मार्टेननं कडेवर तळहात ठेवला होता, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. साहेब, हा तोच माणूस, ज्याला गाडीत वाटलं होतं की आम्ही हुकुमाची माणसं आहोत. एवढ्या शेकडो माणसांनी, लेकराबाळांसकट, हुकूम देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत दहा वर्षं एक अख्खी होडी लपवली. कुणी फुटलं नाही. आमच्या पुलांकडे बघून तुम्ही तोंडात बोट घालता. ह्या मौनाची लांबी मोजायला तुमच्याकडे काय आहे?

आ-साम म्हणाला, होडी येणार नाही, मार्टेन. मार्टेन म्हणाला, तू म्हणाला नसतास तरी मी म्हणणार होतो. तुमच्या दालनातल्या कोरड्या हवेत ती वर्षभरात उभी चिरेल, हे त्यानं लाकडावरून सांगितलं. पण ते बोलताना त्याचं लक्ष आ-सामचे वडील ढोल अडकवायचे त्या रिकाम्या खुंटीकडे होतं.

काकांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. म्हणाले, आपले आजोबा काही घरकोंबडे नाहीत, सणाला भावकीच्या गावांना जातातच. पण रीत आहे. आधी त्यांच्यापैकी कुणीतरी इथं येतो, आजोबांसमोर उभा राहतो, आपल्याबरोबर होडीवर जेवतो, एक फेरी वल्हं मारतो. मग नातं जुळतं, मग जाणं-येणं. तुझ्या साहेबाला सांग, आम्ही बोलावलंय म्हणून.

आ-साम परतला. तुमच्या दारात पुन्हा उभा राहिला, रिकाम्या हातानं. हाई-लामला तो बरोबर घेऊन आला होता, तिनं ऐकावं म्हणून. त्यानं सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, वडिलांच्या पाठीचंसुद्धा. मार्टेन शेजारी उभा राहून म्हणाला, मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही घड्याळाकडे बघितलंत. म्हणालात, रोचक आहे, पण होडी नाही तर पुरावा नाही, मजकूर बदलायचा तर समितीपुढे जावं लागेल. आमंत्रणाचं तर तुम्ही ऐकलंच नाहीत असं दाखवलंत.

आ-सामनं त्याच संध्याकाळी तळघराची किल्ली परत केली. आता तो एका फर्निचरवाल्याकडे कपाटं करतो. मार्टेन मात्र सणाला आला होता. वल्हं उलटं धरलं, शेजारच्याच्या कानाखाली हाणलं, तीन वाडगे भात खाल्ला, आणि आजोबांना परत झोपवताना सगळ्यात शेवटी पाण्यातून बाहेर आला.

त्यानं तुमची बाजू घेतली, साहेब. म्हणाला, ते वाईट नाहीत, त्यांनी कधी बघितलं नाही एवढंच. म्हणून तिसऱ्या काकांनी यंदा रांगेत एक जागा मोकळी ठेवली आहे, मार्टेनच्या मागची. वल्ह्यासाठी लाकूडही निवडून ठेवलंय. पण वल्हं माणसाच्या उंचीनुसार तासावं लागतं आणि काका म्हातारे झालेत, उगाच मेहनत करायला लावू नका.

उंची कळवा. येणार आहात की नाही? समिती राहू द्या. तुम्ही सांगा.