लाभाची ओळ

दीपश्रीला पहिली नोकरी मिळाली ती एका गेलेल्या माणसाच्या खुर्चीत. साल अठ्ठ्याण्णव. धारवाडच्या मळमड्डीतल्या मास्तरांची ही पोर गणितात एम.एस्सी. झाली, क्लासात प्रोग्रॅमिंग शिकली आणि हुबळीच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत उमेदवारीवर लागली. तिच्या आधी तिथं श्रीवत्स बसायचा. दिवाळीच्या तोंडावर धारवाडच्या रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. खुर्चीच्या पाठीवर त्याचा स्वेटर अजून तसाच होता. तो काढायला कुणाचाच हात धजत नव्हता.

"अमरगोळच्या बाजारातल्या अडत्यांचा तोलाचा प्रोग्रॅम त्यानंच लिहिलेला," मालक वेंकटेश म्हणाले. "त्यात भुईमुगाच्या शेंगांची सोय करायची आहे. बाजाराच्या दिवशी नीट चालला तर तू कायम. नाहीतर तुझे वडील म्हणतात ते बी.एड. आहेच की!"

ती हसली खरी. घरी परत जाऊन 'मी म्हणत होतो' ऐकायचं तिच्या जिवावर आलं होतं.

दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचायचा म्हणजे त्याच्या डोक्यात शिरून वावरायचं. कंस उघडण्याआधी श्रीवत्स दर वेळी दोन जागा मोकळ्या सोडायचा, जणू श्वास घ्यायचा. वाचता वाचता तिला वाटे, मागं कुणी वाकून बघतंय. वळून पाहावं तर स्वेटर.

आणि एक शब्द होता. नवी रास, म्हणजे एका शेतकऱ्याचा माल, उघडली की पडद्यावर सगळ्यांत वर उमटायचं 'लाभ'. खाली दोन, तीन, चार. एक कुठंच नाही. दुकानाच्या भिंतीवर शुभ लाभ लिहितात तसा हा मथळा असणार, तिनं ठरवलं. मग बेरजेत मथळ्याची ओळ कशाला धरलीय? मेलेल्या माणसाची चूक काढताना तिच्या अंगावर काटा आला. शब्द पुसायचा धीर होईना. म्हणून ओळ जागच्या जागी ठेवली, फक्त बेरजेतून वगळली.

बाजाराच्या दिवशी ती वेंकटेशांबरोबर अमरगोळला परशुरामअप्पांच्या अडतीत पोचली. शेंगांची पहिली रास तोवर तोलून झाली होती; कारकुनानं वजनं भरली, कागद छापून आला. अप्पांनी तो डोळ्यांजवळ धरला.

"एक पोतं गिळलंस की ग पोरी! माझा शेतकरी इथंच माझी कातडी सोलेल."

वेंकटेशांचा चेहरा उतरला. "परत तोला अप्पा, काहीतरी..."

"काटा बरोबर आहे. तुमची पेटी बिघडलीय. जुनंच द्या बघू, श्रीवत्सचं."

शेजारी दुसरी रास काट्यावर चढत होती. पहिलं पोतं ठेवलं आणि हमाल मोठ्यानं ओरडला, "लाभ!"

दीपश्री जागच्या जागी गार पडली. तोच शब्द, भर दुपारी, जिवंत गळ्यातून.

"दोन!" हमाल पुढं गेला. "तीन!"

"अप्पा," तिनं विचारलं, "एक का म्हणाला नाही तो?"

"एक? रास उघडताना एक म्हणतं का कुणी? पहिलं पोतं म्हणजे लाभ. मास्तराची पोर तू, तोल कधी बघितलास?" अप्पा हसले, मग भिंतीकडच्या पोत्यांच्या थप्पीकडं वळले. "त्यालाही ठाऊक नव्हतं. त्या थप्पीवर दिवसच्या दिवस बसून ऐकत राहायचा. मी म्हणायचो, श्रीवत्सा, हमाल हो आता."

ती थप्पी मोकळी होती. दीपश्रीनं तिकडं पाहायचं टाळलं आणि संगणकाशी बसली.

"येतं का?" वेंकटेशांनी हळूच विचारलं.

तिनं होय म्हणून मान हलवली. बेरजेची ओळ पुन्हा लिहिली. लाभाचं पोतं धरलं. कागद पुन्हा छापला. अप्पांनी पोती बोटांनी मोजली, कागद शेतकऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "होगली बिडु, जाऊ दे झालं ते. जमलं."

"उद्या वेळेवर ये," वेंकटेश म्हणाले. "उमेदवारी संपली तुझी. आणि तो स्वेटर त्याच्या आईकडं पोचवतो मी. इतके दिवस..."

दुसऱ्या दिवशी खुर्चीची पाठ रिकामी होती. दीपश्रीनं नवा प्रोग्रॅम उघडला, तिचा स्वतःचा, पहिलाच. चार ओळी झाल्यावर तिनं पडद्याकडं नीट पाहिलं. प्रत्येक कंसाआधी दोन मोकळ्या जागा. ती अशी कधीच लिहीत नसे. क्लासात कुणी शिकवलंही नव्हतं.

तिनं एक जागा खोडली. दुसरी खोडताना बोट थांबलं. मागं वळून न पाहता तिनं पहिली पुन्हा भरली आणि पुढची ओळ लिहायला घेतली.