चार पॉइंट सात

स्वरूपाने लिहिलेला आकडा कंपनीत कुणी परत मोजत नसे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ती क्वालिटीत होती. बाळंतपणाची रजा सोडली तर सलग सात वर्षं. "मॅडमनी मोजलंय ना? मग जाऊ द्या," असं म्हणून लाइनवरची माणसं माल पुढे ढकलत. घरीही तेच. सईचं वजन किती वाढलं, दुधात पाणी किती घालायचं, तिला झोपून किती वेळ झाला, हे सगळं सुजित बायकोला विचारायचा आणि ती सांगेल ते खरं धरायचा.

त्यामुळे इंजिनाची भिंत मोजायची वेळ आली तेव्हा ते कामही तिच्याकडेच आलं, यात नवल नव्हतं.

इंजिन सुजितच्या गाडीचं. लग्नाआधी घेतलेली सेकंडहँड टर्बो सेडान, एक पॉइंट आठ लिटरची. सुजित एका टूलरूममध्ये कामाला होता, बोलायला शांत, वागायला सरळ, पण त्या गाडीचा विषय निघाला की त्याचे डोळे वेगळे दिसत. दिवाळीच्या आधी टर्बोचं, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, प्रेशर जरा जास्तच वाढवल्याने एक पिस्टन फुटला. तेव्हापासून इंजिन कुरुळीत गणराजच्या शेडमध्ये उघडं पडलं होतं. गणराज गावचा जुना माणूस. जमीन कंपनीत गेली तेव्हा उरलेल्या तुकड्यावर त्याने पत्र्याची शेड टाकली आणि असल्या गाड्या सुधारायचा धंदा सुरू केला. हात असा की पुण्याहून पोरं त्याच्याकडे यायची.

आता इंजिन दोनपैकी एका तऱ्हेने बांधायचं होतं. पहिली तऱ्हा, ज्याला ही मंडळी नुसतं 'बिल्ट' म्हणत: आतला क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो फिरता दांडा, आहे तोच ठेवायचा, फक्त पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड फोर्जिंगचे, दणकट घालायचे. दुसरी तऱ्हा स्ट्रोकरची: क्रँकच बदलायचा, पिस्टन जास्त अंतर वरखाली जाईल असा, सिलिंडरही एक मिलिमीटरने रुंद करायचा. म्हणजे एक पॉइंट आठचं इंजिन दोन लिटरच्या वर जातं. सुजितला स्ट्रोकर हवा होता. डिसेंबरात एका जुन्या धावपट्टीवर सरळ रेषेतली शर्यत होती, तिथे त्याला उतरायचं होतं. बाकी वर्षभर हीच गाडी घरची. सईचं डॉक्टरकडे जाणं हिच्यातूनच.

"सगळं भिंतीवर हाय," गणराज म्हणाला. "बिडाचा, ओतीव लोखंडाचा ब्लॉक. बोर करून आतनं तासल्यावर सिलिंडरची भिंत चार मिलिमीटरच्या खाली गेली, तर मी स्ट्रोकर घालणार न्हाई. कुणी सोन्याचा क्रँक आणून दिला तरी न्हाई. वहिनी, हे मशीन घ्या. लिलावातनं आणलंय, पण सेटिंगचं मला काय कळत न्हाई."

ते जाडी मोजायचं यंत्र होतं, तळहाताएवढं. स्वरूपाने सेटिंग स्टीलवरून काढून बिडावर आणलं, माहीत असलेल्या जाडीच्या तुकड्यावर तपासून पाहिलं, मग प्रोबला जेल लावून एकेक सिलिंडर मोजू लागली. चार सिलिंडर, प्रत्येकी तीन जागा. गणराज मागे कुणाच्या तरी गाडीखाली शिरला होता. सुजित सईला कडेवर घेऊन बाहेर शेजाऱ्यांच्या शेळ्या दाखवत होता. "बघ बघ, ती बघ कशी खाते. तुझ्यासारखी. अर्धं खाली सांडते."

हिशेब सोपा होता. स्ट्रोकरसाठी भिंतीतून अर्धा मिलिमीटर जाणार, म्हणजे आज निदान साडेचार हवी. नुसतं बिल्ट करायचं तरी नव्या पिस्टनसाठी सिलिंडर थोडा तासावा लागतो, त्यात पाव जाणार, सव्वाचार पुरे. सगळ्यात पातळ जागा तिसऱ्या सिलिंडरमध्ये निघाली. चार पॉइंट सात.

म्हणजे स्ट्रोकर बसतो.

तिने प्रोब पुसला. मागच्याच महिन्यात कंपनीच्या बसमधून येताना हायवेवर तिने एक पांढरी गाडी पाहिली होती, कंटेनरच्या मागे काचेपर्यंत घुसलेली. बस पुढे जाईपर्यंत तिने मान वळवून त्या गाडीच्या मागच्या सीटवर काही आहे का ते पाहिलं. काही नव्हतं. तरी त्यानंतर आठ-दहा दिवस ती तिथून जाताना मान वळवत राहिली. सुजितला यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "तू ना, बसमध्ये झोपत जा."

दोन लिटर. मोठं इंजिन. तिच्या मनात मोठं म्हणजे जोरात, आणि जोरात म्हणजे ती पांढरी गाडी. एवढाच विचार झाला, त्याहून जास्त नाही. तक्त्यात तिसऱ्या सिलिंडरसमोर तिने चार पॉइंट तीन लिहिलं, शेजारचे दोन आकडेही त्याला शोभतील एवढे खाली आणले, खाली सही केली आणि तारीख टाकली.

सुजितने कागद पाहिला. "चार पॉइंट तीन? बघू..." असं म्हणून तो यंत्राकडे वळेल असं तिला वाटलं. तो वळला नाही. कागदाची घडी करत म्हणाला, "जाऊ दे. नशीबच तसलं. बिल्ट करू."

तो आठवडा बरा गेला. स्वरूपाला शांत झोप लागली, सईला दात येत असतानाही. सुजित दोन दिवस हिरमुसला होता, मग सावरला आणि मोबाइलवर काहीतरी शोधत बसू लागला. तिने विचारलं नाही.

पुढच्या रविवारी दुपारी तिघं शेडमध्ये जेवायला बसले. गणराजच्या घरून पिठलं-भाकरी आली होती. सई सतरंजीवर एक जुनं बेअरिंग फिरवत होती.

"वहिनी, तुमच्या त्या एका आकड्याने आमची पंचाईत केली बघा," गणराज भाकरी मोडत म्हणाला. "आता याला मोठा टर्बो घालावा लागंल. आज ऑर्डर टाकतो."

"मोठा? इंजिन तर छोटंच राहिलं ना?"

"म्हणून तर. याला पाहिजेत चारशे हॉर्सपॉवर. चारशे दोन्हीकडं हायेत, फक्त येतात कुठनं ते बघायचं. स्ट्रोकर खालनंच ओढतो. दोन-अडीच हजार फेऱ्यांवर गाडी उचलली, शहाण्यासारखी चालली. हे छोटं इंजिन खालती कायबी देत न्हाई. साडेचार-पाच हजारांपर्यंत गप. अन् मग टर्बो भरला की सगळं एकदम. वर साडेआठ हजारापर्यंत ताणायचं." त्याने घास थांबवून हात हवेत पुढे झोकला. "आमच्या घाटातल्या शर्यतीच्या बैलावानी. बांधलाय तवर बांधलाय, सुटला की सुटला. चाकणच्या चौकात पुढं ट्रक, मागं ट्रक, अन् मधी हे सुटलं..."

"घाबरवू नका हो तिला," सुजित म्हणाला.

"घाबरवत कुठं? खरं तेच सांगतोय. अन् वहिनी, हा स्ट्रोकर का मागत व्हता, सांगितलं का याने? म्हणला, भाऊ, घरची गाडी हाय, पोरगी मागं बसती, चाल शांत पाहिजे. शर्यत वर्षातनं एकदा."

"झालं का तुमचं? जेवा आता," सुजित म्हणाला आणि खाली बघून पिठलं कालवू लागला.

स्वरूपाने पाण्याचा तांब्या उचलला, परत ठेवला. टर्बोची ऑर्डर अजून गेलेली नव्हती. काही न बोलता ती घरी गेली असती तर कुणाला कधीच काही कळलं नसतं. गाडी मात्र गणराजने हात करून दाखवली तशी सुटली असती, आणि कारण तिने लिहिलेला आकडा.

"तिसऱ्या सिलिंडरचं रीडिंग चार पॉइंट सात होतं," ती म्हणाली. "मी चार पॉइंट तीन लिहिलं."

गणराजनेच आधी वाट काढून दिली. "सेटिंग हललं असंल, वहिनी. स्टील अन् बीड यात फरक पडतोच. जुनं मशीन..."

"सेटिंग बरोबर होतं. मी तपासलं होतं."

सईच्या हातून बेअरिंग सुटून सतरंजीबाहेर घरंगळलं. सुजितने हात लांब करून ते अडवलं, तिच्या हातात परत दिलं. मग म्हणाला, "का पण?"

"मला वाटलं मोठं इंजिन म्हणजे तू जास्त जोरात चालवशील."

गणराज मोठ्याने हसला. "बघा! इंजिनिअर बाई!" मग कुणी हसत नाही हे पाहून तो उठला. "ताक राहिलं, आणतो," असं म्हणून घराकडे गेला.

"मला सांगायचं ना, भीती वाटते म्हणून," सुजित म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी काय ऐकलं नसतं?"

ऐकलं असतं की नसतं, हे तिला खरंच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "यंत्र इथेच आहे. आत्ता मोजून दाखवते. तू बाजूला उभा राहा."

"नको," तो म्हणाला. "भोसरीत एक लॅब आहे. तिकडून करून घेऊ."

रागाने म्हणाला असता तर तिला काही उत्तर देता आलं असतं. तो तसं म्हणाला नाही. टूलरूममधला माणूस जे म्हणाला असता, तेच त्याने म्हटलं.

गुरुवारी लॅबचा रिपोर्ट आला. बारा जागा, बारा आकडे. तिसरा सिलिंडर, मधली जागा, चार पॉइंट सात. सुजितने जेवताना तिला तो दाखवला. "तुझं बरोबर होतं," म्हणाला, आणि मग काय बोललो ते लक्षात येऊन थोडा ओशाळला. स्ट्रोकरचा क्रँक मागवला गेला. टर्बो आहे तोच राहणार होता. गणराजने फोन करून म्हटलं, "वहिनी, आता हायवेला बिनधास्त झोपा मागच्या सीटवर." घरात त्या विषयावर पुन्हा बोलणं निघालं नाही. सुजित पूर्वीसारखाच होता. सकाळी चहा करून ठेवायचा, सईला आंघोळ घालायचा.

पुढच्या मंगळवारी सकाळी सई अंगाने गरम लागली. सव्वासहाची वेळ, दोघांच्याही बसला वीस-पंचवीस मिनिटं उरलेली. स्वरूपाने थर्मामीटर काखेत धरलं, तिचं रडणं ऐकत बीप वाजेपर्यंत थांबली.

"किती?" सुजितने दारातून विचारलं. पायात एकच बूट.

"शंभर पॉइंट दोन."

तो आत आला. एका पायात बूट, एका पायात मोजा. तिच्या हातातून त्याने थर्मामीटर घेतलं, खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि वाचलं.

"शंभर पॉइंट दोन," तो म्हणाला. "आज मी सुट्टी टाकतो. तू जा." थर्मामीटर टेबलावर ठेवून तो सईला घ्यायला वाकला. आपण काय केलं ते त्याच्या गावीही नव्हतं.

स्वरूपाने तापाच्या औषधाची बाटली काढली, मापाच्या टोपणात अडीच मिली ओतलं. टोपण सुजितच्या पुढे धरलं, आणि तो पाहीपर्यंत धरूनच ठेवलं.