माझा गुलाबी डाग

मी एक जुनी गोधडी आहे, असं ऐटीत सांगायला मला आवडलं असतं. पण मित्रांनो, मी उणीपुरी दोन वर्षांची. आकाराने दोन वीत. मला पांघरून कुणी झोपू शकत नाही, मी भिंतीवर लावायची चित्रगोधडी. आणि हो, माझ्या मधोमध एक गुलाबी डाग आहे. बघा खुशाल.

मला एडनाने शिवलं. ती मूळची वसईची, इथे बहरीनमध्ये हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर काम करते. उम्म अल हस्सम भागात तिच्या बिल्डिंगखाली फारुख टेलरचं दुकान आहे. अरबी थोब, म्हणजे पुरुषांचे पायघोळ झगे, शिवून उरलेले पांढरे तुकडे तो तिच्यासाठी पिशवीत भरून ठेवायचा. त्या पांढऱ्याचं तिने आभाळ केलं आणि आईच्या लाल लुगड्याची कौलं लावून खाली घर बसवलं. आई गेली तेव्हा ते लुगडं तिने पेटीतून काढून आणलं होतं.

फारुखचं कापड नवं, म्हणून तिने आधी भिजवून घेतलं. लुगडं मात्र जुनं. गोधडीचं जुनं कापड शंभरदा धुतलेलंच असतं, ते भिजवून बघायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. शिवून झाल्यावर तिने मला पाण्यात घातलं आणि लाल रंग असा सुटला म्हणता! माझ्या आभाळात तळहाताएवढा डाग पडला.

तेव्हा इथल्या एका हॉलमध्ये चित्रगोधड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. ते भरवणाऱ्या निवेदिताताईंनी मला उलटसुलट करून पाहिलं. काम सुरेख आहे म्हणाल्या, पण डागाचा तुकडा उसवून नवा लावलात तरच भिंत मिळेल, असं स्वच्छ सांगितलं. मला असा राग आला! माझं आभाळ कापणार?

घरी एडना कात्री घेऊन बसली. दोन टाके कापलेसुद्धा. मग थांबली. इतक्या जुन्या लुगड्याचा रंग जातो कसा? तिने उरलेलं लुगडं उलगडलं. काठ कोरा करकरीत होता. तिची मुलगी सॅब्रिना शेजारीच होती. तिला मराठी कळतं, बोलते मात्र इंग्रजीच. काय झालं, म्हणून तिने विचारलं.

"आईने हे कधी नेसलंच नाही गं," एडना म्हणाली. "चांगल्या दिवसासाठी ठेवलं असणार. तीस वर्षं."

ती खूप रडली. मग तिने कापलेले टाके परत घातले आणि निवेदिताताईंना फोन लावला.

"ताई, डाग राहणार. भिंत दुसऱ्या कुणाला तरी द्या."

तेव्हापासून मी तिच्याबरोबर ड्युटीवर जाते. एसीच्या गारठ्यात तिच्या मांडीवर असते. माझ्यावर चहा सांडलाय, पेनाची शाई लागलीय. कडेचा दोरा निघाला की ती तिथल्या तिथे टाका घालते. गेलं उडत ते प्रदर्शन!

तर मित्रांनो, मला जपून ठेवा, अशी विनवणी मी मुळीच करणार नाही. फाटले तर शिवा, मळले तर धुवा, पण पेटीत घालू नका. आणि तुमच्या आईच्या कपाटात एखादी कोरी साडी घडी करून ठेवलेली असेल, तर ती आजच तिला नेसायला लावा. आज असं काय आहे, म्हणून तिने विचारलं तर सांगा, आज मंगळवार आहे.