एकोणीस हाका

ऑफिसात तिला सगळे चिंगूस म्हणत. उगाच नाही. नखाएवढा सेन्सर, त्याला बॅटरी ती केवढी, मेमरी ती केवढी! तेवढ्यात संदेश कुलूपबंद करून हवेतून धाडायचा म्हणजे एकेक बाइट जपून वापरावा लागतो, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वडिलांना हे नाव कळलं तेव्हा ते म्हणाले, "आईवर गेलीस!" आईने दिवसभर तोंड फुगवलं.

वडिलांचं हृदय दुबळं झालं तशी तिने आईवडिलांच्या घरी स्वतःची यंत्रणा बसवली. कपाटावर एक डबा, वडिलांच्या गळ्यात एक बटण. बटण दाबलं की डब्यामार्फत तिच्या फोनवर हाक. प्रत्येक संदेशाला क्रमांक होता. तो मागच्यापेक्षा मोठा असला तरच डबा संदेश घेणार. नसला तर कुणी लबाड जुनाच संदेश पुन्हा पाठवतोय असं समजून फेकणार. बॅटरी वाचावी म्हणून तिने बटणातला क्रमांक कायमचा साठवलाच नाही. बॅटरी काढली की तो पुन्हा एकपासून सुरू; डब्यात मात्र तिने केलेल्या चाचण्यांमुळे आकडा शंभराच्या पुढे गेलेला. बॅटरी बदलायला आपणच जाऊ, तेव्हा डब्यातलाही आकडा पुसू, असं तिने वहीत लिहिलं. घरी मात्र सांगितलं नाही. एवढी हुशार पोरगी, पण हे सांगायचं राहून गेलं!

मंगळवारी दुपारी आई कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती. परत येऊन बघते तो वडील पलंगाशी पडलेले, मुठीत बटण. सगळं संपलं होतं.

"हट्टी माणूस!" आई येईल त्याला सांगत होती. "बटण मुठीत धरून बसले, पण दाबलं नाही. लेकीला त्रास नको म्हणे! मला तरी फोन करायचा."

पंधरा दिवसांनी ती यंत्रणा काढायला आली. वडिलांच्या खणात जुनी बॅटरी सापडली, कागदात नीट गुंडाळलेली. कागदावर त्यांचं अक्षर होतं: 'रविवारी बदलली. दाबलं की दिवा लागतो. पोरीची एक खेप वाचली.'

तिने लॅपटॉप डब्याला जोडला आणि फेकलेल्या संदेशांची यादी उघडली. रविवारी एक. मंगळवारी दुपारी तीन दहा ते तीन एकतीस, एकोणीस. कुलूप तिचं, किल्ली तिची, एकही संदेश खोटा नव्हता. प्रत्येकापुढे एकच शेरा: जुना, फेकला. फोन वाजला असता तर तिने आईला कळवलं असतं, आणि आई पाच मिनिटांत घरी असती.

गप्प बसता आलं असतं. मग बोल वडिलांनाच लागत राहिला असता, जन्मभर.

"आई, बाबांनी दाबलं होतं," ती म्हणाली. "माझ्या डब्याने घेतलं नाही. चूक माझी आहे."

"किती वेळा?"

"एकोणीस."

"आणि मी त्यांना नाही नाही ते बोलले," आई म्हणाली. मग तिने टेबलावरचं बटण उचललं आणि अंगठ्याने दाबलं. हिरवा दिवा लागला.

"आता पोचलं का गं तुला?"

लॅपटॉपवर नवी ओळ उमटली. क्रमांक एकवीस. जुना, फेकला.

"नाही गं आई," ती म्हणाली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.