दूधगंगेच्या अलीकडे

दिग्व्रत घेऊन जिनाप्पा चौगुल्याला काय मिळणार होतं, ते आधी मांडू. लांबच्या लग्नांची वऱ्हाडं चुकणार होती. कुणाची साक्ष द्यायला कोल्हापूरच्या कोर्टात जावं लागणार नव्हतं. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, अभिषेकाचा पहिला कलश त्याच्या हाती येणार होता. आणि सगळ्यांत मोठी मिळकत म्हणजे, एका भित्र्या माणसाला गाव व्रतस्थ म्हणणार होतं. इतक्या स्वस्तात एवढी अब्रू बोरगावात आजवर कुणाला मिळाली नव्हती.

दिग्व्रत म्हणजे आपल्या हिंडण्याफिरण्याला चारी दिशांना हद्द घालून घ्यायची आणि ती जन्मभर ओलांडायची नाही. हिंडणं कमी तेवढी हाव कमी, असा त्यातला विचार. आमच्यात असलं व्रत म्हातारे घेतात, तेही बहुधा गुडघे गेल्यावर. जिनाप्पानं घेतलं छत्तिसाव्या वर्षी, पाय धडधाकट असताना. दक्षिणेला संकेश्वर, पश्चिमेला निपाणी, पूर्वेला सदलगा आणि उत्तरेला दूधगंगेचा काठ. पलीकडं कोल्हापूर संस्थानचा मुलूख.

भीतीला कारण नव्हतं असं नाही. सन अठराच्या मानमोडीच्या साथीत त्याचा थोरला भाऊ तंबाखूच्या व्यवहारासाठी पुण्याला गेला, तो परत आला नाही. तीन आठवड्यांनी त्याची छत्री तेवढी आली. भाऊ कुठं पडला, शेवटी पाणी कुणी दिलं, आणणाऱ्याला काहीच सांगता येईना. जिनाप्पानं छत्री तुळईला टांगली, आणि जे दिसत नाही ते सगळं वाईटच, असं धरून चालला. दोन वर्षांनी गावात त्यागी महाराज आले. त्यांच्यापुढं हात जोडून त्यानं हद्द घालून घेतली.

व्रत एकट्याचं, पण पाळलं सगळ्या घरानं. त्याची बायको चंपाबाई, तिचं माहेर रेंदाळ. नदी उतरलं की जवळच. "एकटी कशाला जातीस? आन् मला तर येता येत न्हाय," एवढ्या एका वाक्यावर अकरा वर्षं निघाली. तिची आई वारली तेव्हा भावाची गाडी आली म्हणून एकदा जाणं झालं, तेही सगळं आटोपल्यावर. मुलीला, शालनला, सांगलीचं शिकलेलं स्थळ चालून आलं होतं. जिनाप्पानं ते परतवलं आणि तिला निपाणीत श्रीपालला दिली. हद्दीच्या आत. लहानपणी शालन नदीपलीकडं बोट दाखवायची, तेव्हा तो म्हणायचा, "तिकडं गेलेलं मानूस येत न्हाय, बाळ." पोरगी हुशार. तिनं ते पक्कं ध्यानात ठेवलं.

सन एकतीसच्या माघात, एका मंगळवारी सकाळी, श्रीपालचा गडी भरमू धापा टाकत दारात आला. आला होता मिरजेहून.

"वैनींच्या पोटात गाठ हाय. निपानीच्या डाक्टरनं मिरजंला धाडलं. तितला डाक्टर म्हनतोय, गाठीला पीळ बसलाय, लगीच कापून काढाय पायजे. पर वैनी टेबलावर झोपंनात."

"श्रीपाल काय करतोय?" जिनाप्पानं विचारलं.

"सांगून सांगून दमलं की वो. उचलाय गेलं तर खाटंची दांडी धरून बसल्यात. म्हनत्यात, नदीपल्याड आलोय, आता मागारी जायाची न्हाय मी. आप्पा आलं तरच हू म्हनीन."

चंपाबाई म्हणाली, "चला, मी येते."

भरमूनं मान हलवली. "आप्पाच पायजेत म्हनत्यात."

जिनाप्पानं पटका गुंडाळला आणि लगबगीनं निघाला. नदीकडं नव्हे, बस्तीकडं. पूजा करणारे उपाध्ये दारातच भेटले.

"जा की," ते म्हणाले. "पोरीच्या जिवाचं काम हाय. परत आल्यावर प्रायश्चित्त घ्या. चार उपास करा, झालं."

"आसं कसं? शास्त्र काय म्हनतंय?"

"मग मी काय म्हनतोय?"

म्हणजे मंगळवारी दुपारच्या आत परवानगी मिळालेली होती. बुधवारी जिनाप्पाला शंका आली की गाडीत बसून गेलं, जमिनीला पाय लागलाच नाही, तर व्रत मोडतं की राहतं. गुरुवारी तो सदलग्याच्या पंडिताला विचारायला गेला. हद्दीच्या आतलं गाव म्हणून वाऱ्यासारखा गेला. पंडितानंही जा म्हणून सांगितलं. शुक्रवारी पहाटे तो भरमूला विचारत होता, आगगाडी पुरती थांबते का, की चालत्या गाडीत चढावं लागतं?

चंपाबाई तीन दिवस ही धावपळ बघत होती. आता ती चुलीपुढून उठली.

"उपाध्येनं सोडलं, पंडितानं सोडलं. आता कुनी धरलंय तुमास्नी?"

जिनाप्पा भिंतीला टेकून बसला होता. "भ्या वाटतंय गं," तो म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच म्हणाला.

"त्ये मला लगीन झाल्यापास्नं ठाऊक हाय. भ्या संगं घ्या आनि चला. त्याचं काय येगळं तिकीट न्हाय."

तो उठला नाही. तिनं भाकरी बांधल्या, तुळईची छत्री काढली, भरमूला "चल रं" म्हणाली आणि चालू लागली. जिनाप्पा मागून ओरडत आला. थांब म्हणाला, आपण उद्या जाऊ म्हणाला, काठापर्यंत आला आणि वाळूत उभा राहिला.

माघातली दूधगंगा. चंपाबाई लुगडं खोचून मधोमध पोचली होती. पाणी गुडघ्याला लागत नव्हतं.

"अगं थांब! म्होरं खोल असंल!"

"मग येऊन बघा की!"

असल्या पाण्यानं त्याला अकरा वर्षं अडवलं होतं. जिनाप्पानं धोतर वर धरलं आणि पाण्यात पाय घातला. पलीकडं पोचल्यावर त्यानं वाळू पायानं दाबून बघितली. अलीकडच्यासारखीच होती. तरी पंचगंगेवर नावेत बसताना त्यानं भरमूचं मनगट धरलं, ते हातकणंगल्याच्या स्टेशनापर्यंत सोडलं नाही. कृष्णेच्या पुलावर गाडी खडखडली तेव्हा डोळे मिटून घेतले.

दवाखान्यात खाटेवरच्या शालनचा चेहरा काळवंडला होता. ओठ सुकले होते. बापाला बघून तिला आधी खरंच वाटेना.

"आप्पा, तुमी? कसं आलासा?"

"आलो."

"आता काय हुईल वो?"

या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडं नेहमी तयार असायचं. वाईटच हुईल, जाऊ नको. हेच ऐकत ती वाढली होती. जिनाप्पा खाटेजवळ खाली बसला.

"ठाऊक न्हाय, बाळ. हितं येताना बी मला काय ठाऊक न्हवतं. लई भ्यालो. अजून भ्यालोय. तू हू म्हन, मी दारात बसतो."

शालननं दांडीवरची बोटं एकेक करून सोडवली.

तो दारात बसून राहिला. तिचा जीव वाचला. बाहेर येऊन डॉक्टरांनी श्रीपालला सांगितलं की गाठ सडत आली होती, गर्भपिशवीही काढावी लागली, आता मूल होणार नाही. मग सहज बोलावं तसं म्हणाले, "मंगळवारी हो म्हणाली असती, तर नुसत्या गाठीवर भागलं असतं."

जिनाप्पानं मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत दिवस बोटांवर मोजले. पुन्हा मोजले. उत्तर तेच येत होतं.

वर्षभरात श्रीपालच्या आईनं दुसरी सून आणली. श्रीपाल रडला म्हणतात, पण रडत रडत बोहल्यावर उभा राहिलाच. शालन बोरगावला आली. सोलापूरच्या श्राविकाश्रमात बायकांना शिकवून मास्तरीण करतात, असं तिनं कुठंसं ऐकलं होतं. ती जाते म्हणाली. जिनाप्पाच्या तोंडात 'नको' आलं होतं. ते त्यानं गिळलं आणि तिला पोचवायला हातकणंगल्याला गेला.

"तितं कसं असंल, आप्पा?"

"ठाऊक न्हाय. पोचलीस की पत्र घाल."

"भ्या वाटतंय."

"मला बी." त्यानं भावाची छत्री तिच्या हातात दिली. "ऊन असंल तिकडं."

आता भरणा कुणी किती केला ते बघू. जिनाप्पाचा पहिला कलश गेला, व्रतस्थ म्हणणारी तोंडं गप्प झाली. भीती अजून त्याच्याजवळच आहे, फक्त ती घेऊन तो आता रेंदाळच्या बाजाराला जातो. चंपाबाईनं अकरा वर्षांचं माहेर भरलं. श्रीपालनं काही नाही. त्याला पुढच्या साली मुलगा झाला. व्रत जिनाप्पाचं, हद्द जिनाप्पाची, वाया गेलेले चार दिवसही जिनाप्पाचेच.

भरले ते शालननं.