हात लावू नकोस

तुमच्याही घरात असेल बघा अशी एखादी वस्तू. हौसेनं आणलेली, शेजाऱ्यांना बोलावून दाखवलेली आणि मग कापड टाकून झाकून ठेवलेली. कुलूपकाकांच्या घरात ती वस्तू म्हणजे कॉम्प्युटर.

कुलूपकाका हे नाव त्यांना इमारतीतल्या लोकांनी ठेवलेलं. हयातभर एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. सही झाल्याशिवाय गोदामातून एक खिळासुद्धा बाहेर गेला नाही, याचा त्यांना कोण अभिमान! माणूस निवृत्त झाला, पण खोड काही निवृत्त झाली नाही. घरातल्या पक्कडीला कुलूप, टॉर्चला कुलूप, चांगल्या कपबशांना कुलूप. "वस्तू वापरली की झिजते," असं ते येता-जाता सांगायचे. न वापरलेली वस्तूही जुनी होतेच की! पण हे त्यांना सांगणार कोण? सांगून उपयोग तरी काय?

त्यांची मुलगी दूरच्या शहरात राहायची. तिनं आईबाबांसाठी कॉम्प्युटर पाठवला, सोबत चांगला माइक, स्पीकर आणि एक टॅब. "आई, यावर तुझ्या गोष्टी रेकॉर्ड करून पाठव. तुझ्या नातीला त्याशिवाय झोप येत नाही," असं ती फोनवर म्हणाली. काकांनी सगळं स्वतः जोडलं, पासवर्ड घातला आणि जुन्या चादरीचं कव्हर शिवून घेतलं. टॅब खोक्यासकट कपाटात गेला. माइकवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नाही. विजेचं बिल भरायचं असलं की काका कव्हर काढायचे, बिल भरायचे, फडक्यानं पुसायचे आणि पुन्हा झाकायचे. एवढ्या यंत्राचं एवढंच काम.

एकदा काकूंनी कव्हराचं टोक उचललं, तर मागून हाक आलीच.

"अगं, हात लावू नकोस! बिघडेल."

"नुसतं बघतेय हो. नातीसाठी एक गोष्ट सांगून ठेवावी म्हटलं."

"तुला काय कळतंय त्यातलं? मी शिकवीन ना सावकाश. येत्या रविवारी बसू."

"बरं, राहू दे," काकू म्हणाल्या.

आता ऐका. ज्या बाईला काका 'तुला काय कळतंय' म्हणत होते, ती बाई टेलिफोन ऑपरेटर होती! एका मोठ्या इस्पितळाचा अख्खा स्विचबोर्ड तिनं सांभाळलेला. एकीकडे चिडलेला डॉक्टर, दुसरीकडे घाबरलेला नातेवाईक, आणि हिची बोटं न बघता नेमक्या बटणावर. तिचा आवाज कानावर पडला की पलीकडचा माणूस अर्धा शांत व्हायचा. लोक मुद्दाम खिडकीशी येऊन विचारायचे, "फोनवर बोलतात त्या बाई कोण हो?" पण घराच्या उंबऱ्यात आली की हीच बाई 'बरं, राहू दे' म्हणायची. कटकटीपेक्षा ते स्वस्त पडायचं. आपल्याकडे कितीतरी बायका असंच म्हणत आयुष्य काढतात, आणि आपण त्याला सुखाचा संसार म्हणतो.

रविवार आले आणि गेले. काकू आपल्या साध्या फोनवरून नातीला गोष्ट सांगायच्या. फोन ठेवला की गोष्ट संपली, मागे काही उरायचं नाही.

मग काकूंचा आवाज बसला. "गरम पाणी पी," काका म्हणाले. गरम पाण्यानं भागेना, काढ्यानं भागेना, तेव्हा डॉक्टर गाठला. तपासण्या झाल्या. घशात गाठ निघाली, आणि ती साधी नव्हती. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज मात्र राहणार नाही.

काकांना बाहेरच्या बाकावर धरून बसवावं लागलं. त्यांच्या पाठीवरून हात कोण फिरवत होतं म्हणाल, तर काकू.

जिथं तपासण्या झाल्या, त्याच इस्पितळात बोलण्यावर उपचार करणाऱ्या एक डॉक्टरबाई होत्या. वयानं लहान, पण समजुतीनं मोठ्या. त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"काकू, ऑपरेशनला अजून थोडे आठवडे आहेत. आवाज घोगरा झालाय, पण आहे तुमचाच. तो आपण साठवून ठेवू या. घरी कॉम्प्युटर आहे का?"

"आहे ना!" काका ताठ बसले. "एकदम नवा कोरा. माइकसकट. एक ओरखडा नाही त्यावर."

"मग उत्तमच! काकू, रोज त्याच्यासमोर बसायचं आणि बोलायचं. पडद्यावर वाक्यं येतील ती वाचा. गोष्टी सांगा, हसा, हवं तर काकांशी भांडा. भरपूर बोलणं जमलं, की त्यावरून तुमच्यासारखा आवाज तयार करता येतो. पुढे तुम्ही टॅबवर लिहायचं आणि टॅबनं तुमच्या आवाजात बोलायचं. फक्त उशीर करू नका. आवाज रोज उतरत चाललाय."

बघा, दैव एवढं वाईट असतानाही केवढी वाट काढून देत होतं! पण दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते काही उगीच नाही.

घरी आल्या आल्या काकूंनी विचारलं, "अहो, पासवर्ड सांगता का? तुम्ही बाजारात गेलात की मी बसत जाईन."

"एकटी? भलतंच काहीतरी दाबशील आणि होतं तेही जाईल. आधी मला माहितीपुस्तक नीट वाचू दे."

काकांचा जीव नव्हता बायकोवर असं नाही हो. जीव होता म्हणूनच घाबरले होते. गोदामात ज्या मालाची भीती वाटायची, तो ते दुहेरी कुलपात ठेवायचे. आताही तेच करत होते. माहितीपुस्तक वाचलं. दुकानात जाऊन व्हायरसची चौकशी केली. झोपायची खोली शांत की पुढची, याचा विचार केला. आणि असे दिवस निघून गेले.

अखेर एका दुपारी बसले एकदाचे. काकू माइकसमोर, काका शेजारी. काकूंनी तोंड उघडलं की काका टोकायचे. "इतकं जवळ नको." "थांब, पंखा बंद करतो." "ते बटण नाही, ते बटण नाही!" काकूंचं एक वाक्य धड पुरं होईना. घसा दुखायला लागला तशा त्या उठल्या. काकांनी कव्हर घातलं.

डॉक्टरबाईंचा फोन आला. "काका, कुठवर आलंय?"

"व्यवस्थित चाललंय. घाई नको म्हटलं."

"काका, व्यवस्थित नको मला, रोज हवंय. काकूंना एकट्यांना बसू द्या. त्यांच्या हातून चूक झाली तर चूक पुसता येते. कॉम्प्युटर बिघडला तर दुरुस्त होतो. गेलेला आवाज मात्र दुनियेत कुणाला परत आणता येत नाही. तुम्ही नक्की काय जपताय, याचा एकदा विचार करा."

"हो, हो," काका म्हणाले. पटलंही होतं त्यांना. पण पटणं आणि वागणं यात केवढं अंतर असतं, ते तुम्हाआम्हाला काय सांगायला हवं?

त्यातच जुन्या कारखान्यातून बोलावणं आलं. पेन्शनच्या कामासाठी काकांना दुसऱ्या गावी जावं लागलं, आणि एक मुक्काम करणं भाग पडलं. दुपारी काकूंचा फोन आला. आवाज अगदी खोल गेला होता.

"अहो, आज जरा बरं वाटतंय. आता तरी पासवर्ड सांगा ना. मी बसते."

"उद्या येतोच आहे ना मी? आल्यावर बसू. आज तू आराम कर."

काकू म्हणाल्या, "बरं, राहू दे."

काकांनी ऐकलेलं त्यांचं ते शेवटचं बोलणं.

त्याच संध्याकाळी काकूंचा श्वास कोंडला. खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी हातातलं काम टाकून त्यांना इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन श्वासाला वाट करून दिली, आणि आता थांबण्यात अर्थ नाही म्हणून ऑपरेशनही उरकून घेतलं. काका पोचले तेव्हा काकूंच्या गळ्याभोवती पट्ट्या होत्या. नवऱ्याला बघून त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, काका कानात प्राण आणून ऐकत राहिले. आवाज नाहीच!

मुलगी धावत आली. तिनं घरून कॉम्प्युटर इस्पितळात आणला आणि डॉक्टरबाईंसमोर ठेवला. "बाबा, पासवर्ड?"

काकांना सांगवेना, त्यांनी तो स्वतःच टाकला. पासवर्ड होता काकूंचं माहेरचं नाव.

रेकॉर्डिंग सुरू झालं. खोलीभर आवाज घुमला, काकांचा. इतकं जवळ नको. थांब, पंखा बंद करतो. ते बटण नाही. मधूनच काकूंचा घोगरा, दबलेला आवाज यायचा, "एका गावात..." की लगेच वर काका. पुन्हा "एका गावात एक..." की पुन्हा काका. शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि संपलं.

डॉक्टरबाईंनी डोळे पुसले. "यातून काकांचा आवाज तयार करता येईल," त्या हळूच म्हणाल्या, "काकूंचा नाही."

अरेरे! घरात काय नव्हतं? कॉम्प्युटर होता, माइक होता, टॅब होता, वेळ होता, बोलणारं माणूस होतं. सगळं होतं! फक्त ते एकमेकांना भेटू दिलं नाही.

मुलीनं आपला फोन धुंडाळला. एवढ्या वर्षांत आईचं बोलणं तिनंही कधी साठवलं नव्हतं. आई काय, फोन लावला की बोलतेच! लग्नाची जुनी फिल्म काढली, तर तिच्यात नुसता बँड वाजत होता आणि काकू लांबून हातवारे करत होत्या.

काकू घरी आल्या. काकांनी कपाटातून टॅब काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि शिकवायला म्हणून शेजारी बसले. शिकवायची वेळच आली नाही. दिवे लागायच्या आत काकूंची बोटं त्यावर सराईतासारखी फिरू लागली. त्यांना एक दुपार पुरली! काका बघत राहिले.

टॅबमध्ये एक तयार आवाज होता, एका कुठल्याशा बाईचा. स्वच्छ, सपाट. त्या आवाजात काकूंचं पहिलं वाक्य आलं, "चहात साखर जास्त झाली आहे." मुलगी हसली आणि हसता हसता तिला हुंदका आला.

मग नातीचा फोन आला. काकूंनी गोष्ट आधीच लिहून ठेवली होती. कुठे थांबायचं, कुठे हळू बोलायचं, सगळा विचार करून. टॅब बोलू लागला. पलीकडून नात म्हणाली, "हे कोण बोलतंय? आजीला द्या ना."

"अगं बाळा, ही आजीच आहे," काका म्हणाले.

"नाही! आजी अशी नाही बोलत. आजोबा, खऱ्या आजीला द्या."

काकूंनी टॅब उलटा ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं. खांदे हलत होते. रडण्याचासुद्धा आवाज नव्हता!

मुलगी परत गेली, तेव्हा काका जमिनीवर काकूंच्या पायाशी बसले. "माझ्यामुळे झालं गं हे. मला माफ कर म्हणायची पण लाज वाटते."

काकूंनी बराच वेळ लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मग तो परका आवाज म्हणाला, "मला राग येतो. रोज येतो. मीही जोरात मागितलं नाही, ते माझं चुकलं. पण राग येतो."

"येऊ दे," काका म्हणाले. "मी ऐकतो." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. बरंच होतं.

दुसऱ्या दिवशी इमारतीनं एक नवल पाहिलं. कुलूपकाका माइक हातात घेऊन खालच्या शिवणकामवाल्या बाईंच्या दारात उभे! त्या बाईंच्या सासूबाईंची स्मृती हळूहळू जात चालली होती. कधी सुनेला ओळखायच्या, कधी नाही. पण जुन्या दिवसांबद्दल बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत.

"हे घ्या. त्यांचं बोलणं भरून ठेवा. आजच."

"काका, तुम्ही? वस्तू देताय?" बाईंचा विश्वासच बसेना. "आणि हातून पडला तर?"

"पडू द्या. पण पडून राहू देऊ नका."

"पण मला कुठे येतं यातलं काही?"

"आमच्या ऑपरेटरबाई शिकवतील," काका म्हणाले, आणि त्यांनी माइक बाईंच्या हातात ठेवला.

काकांनी कॉम्प्युटरही खाली नेऊन जोडून दिला, आणि काकू टॅब घेऊन खाली गेल्या. लिहून, खुणा करून, हात धरून त्यांनी शिकवलं. संध्याकाळी खालून म्हातारीचं हसणं ऐकू आलं. एकदा ती स्वतः हसली, आणि मग कॉम्प्युटरमधून स्वतःचंच हसणं ऐकून पुन्हा हसली. काका जिन्यात बसून ऐकत होते. ऐकता ऐकता ते ओक्साबोक्शी रडले. दुसऱ्याच्या घरचा आवाज राहिला, आपल्या घरचा गेला, आणि तो आपल्याच हातानं गेला. त्या दुःखावर कुठलंही औषध निघालेलं नाही.

मंडळी, म्हणून हात जोडून सांगतो. घरात यंत्रं आणली म्हणजे घर पुढारलं असं होत नाही. त्या यंत्रावर घरातल्या कुणाकुणाचा हात चालतो, ते बघा. बायकोला, आईला, म्हाताऱ्या वडिलांना पासवर्ड सांगा. त्यांना शिकवा, चुकू द्या, बिघडवूही द्या. यंत्र पुन्हा मिळतं. आणि आज घरी गेलात की आपल्या माणसाला समोर बसवा, माइक सुरू करा आणि म्हणा, बोल. मग ते माणूस बोलत असताना, कृपा करून, तुम्ही मध्ये बोलू नका.